प्रोपेलरच्या पात्यांचा कोन किती ठेवावा? हलकी विमानं उडवणाऱ्यांनी, सांभाळणाऱ्यांनी कृपया सांगा

कुळागर | १४ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी फोंड्याचा. आम्हा तिघा मित्रांचं मिळून एक दोन आसनी मायक्रोलाइट आहे. गोव्यात ते ठेवायला जागा नाही (दाबोळी नौदलाची, मोपा मोठ्या विमानांची), म्हणून घाटावर एका खाजगी धावपट्टीवरच्या हँगरमध्ये ठेवतो. धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण २५०० फुटांवर. इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस, १०० अश्वशक्तीचं. प्रोपेलर तीन पात्यांचा, कंपोझिट. विमान जमिनीवर उभं असताना हबचे (पाती जिथे बसतात त्या मधल्या भागाचे) बोल्ट सैल करून पात्यांचा कोन बदलता येतो, हवेत नाही.

गेल्या रविवारी दुपारी दोघं बसून निघालो. टाकी अर्धी, वारा जवळजवळ नाहीच, विंडसॉक काठीला चिकटलेला. एरवी धावपट्टीच्या मध्यावरच्या पांढऱ्या दगडाच्या बऱ्याच अलीकडे चाकं सुटतात. त्या दिवशी दगड मागे पडला तरी विमान जमीन सोडेना. सुटलं, वर चढलं, पण कुंपणापलीकडच्या चिंचा मी इतक्या जवळून कधी पाहिल्या नव्हत्या. उतरल्यावर शेपूट बांधून, चाकांना चोक लावून पूर्ण थ्रॉटल दिला, तर इंजिन ४९०० आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) वर जाईना. मॅन्युअलमध्ये कमाल ५८०० (पाच मिनिटांपुरते) आणि सतत चालवायला ५५०० दिलेत.

एक मित्र म्हणतो कोन एक अंश कमी करू. दुसरा म्हणतो हात लावू नका, कमी आरपीएमवर पेट्रोल वाचतं. आमचे इंजिनिअर काका मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येणार, काम तेच करतील आणि लॉगबुकात सहीही तेच करतील. पण त्याआधी मला विषय नीट समजून घ्यायचाय. कोणाला अनुभव आहे?

दर्याकांठ | १४ एप्रिल, रात्री १०:१५

विमान माझा प्रांत नाही, पण पंखा माझ्या रोजच्या पोटापाण्याचा विषय. मालिमच्या जेटीवर आमचा ट्रॉलर आहे. दोन वर्षांमागे पंखा खडकाला लागला म्हणून नवीन बसवला, त्याचं पिच (पंखा एका फेऱ्यात जितकं पुढे सरकवेल ते अंतर; पात्यांचा कोन वाढला की तेही वाढतं) जुन्यापेक्षा दोन इंच जास्त निघालं. कागदावर वेग वाढायला हवा होता. झालं काय, तर इंजिन आपल्या आकड्यावर पोचेचना. धुरांड्यातून काळा धूर, पाण्याचं तापमान वर, डिझेल जास्त. रिकामी होडी घेऊन परत येताना बरी पळायची, पण जाळं पाण्यात सोडलं की दम लागलेल्या माणसासारखा आवाज. शेवटी पंखा काढून पाती तापवून पिच कमी करून आणलं, तेव्हा इंजिन मोकळं झालं.

तुझं ४९०० वाचलं आणि तोच आवाज कानात आला बघ.

घाटमाथा | १४ एप्रिल, रात्री ११:०२

मी दुसऱ्या मित्राच्या बाजूने. उड्डाणाला मिनिटभर लागतं, बाकी सगळा वेळ क्रूझमध्ये, म्हणजे सरळ एकसारख्या उड्डाणात जातो. त्या मिनिटासाठी तासाभराचा वेग का घालवायचा? धावपट्टी लांब असेल तर सकाळी लवकर उडा, थंड हवेत. पिच जास्त असलं की एका फेऱ्यात विमान जास्त पुढे जातं, साधी गोष्ट आहे.

वास्को_जुना | १५ एप्रिल, सकाळी ७:३०

कुळागर बाब, मी नौदलाच्या विमानांच्या कार्यशाळेत २२ वर्षं काढली. निवृत्तीनंतर हलक्या विमानांची कामं पाहतो. सविस्तर लिहितो, कारण चिंचा जवळून दिसल्या हे वाचून मला झोप लागली नाही.

कोनाला हात लावायच्या आधी दोन गोष्टी तपासा. पहिली, आरपीएमचा काटा खरं बोलतो का. हातात धरून मोजायचा ऑप्टिकल टॅकोमीटर मिळतो, त्याने प्रोपेलरचे फेरे मोजा आणि २.४३ ने गुणा, कारण यूएलएसच्या गिअरबॉक्सचं गुणोत्तर तेवढं आहे. दुसरी, या इंजिनाला दोन कार्ब्युरेटर आहेत. कॉकपिटमध्ये थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलल्यावर दोन्हींचे लीव्हर शेवटच्या टेकूला टेकतात का ते बॉनेट काढून डोळ्यांनी बघा. केबल ताणली गेली असेल तर एक बाजू अर्धवट उघडते आणि दोष पिचवर येतो.

हे दोन्ही ठीक असेल तर मग पिच जास्त आहे. घाटमाथा म्हणतात ते क्रूझबद्दल खरं आहे, पण या इंजिनाला लागू नाही. पूर्ण थ्रॉटल उघडून ५२०० च्या खाली चालवणं रोटॅक्सला मानवत नाही. चोर्ला घाट भरलेल्या गाडीने चौथ्या गिअरमध्ये चढण्यासारखं ते आहे. पेट्रोल वाचल्यासारखं वाटतं, पण सिलिंडरमधला दाब आणि उष्णता वाढते, गिअरबॉक्सला हादरे बसतात. जमिनीवर बांधून ५२०० ते ५३०० आणि सरळ उड्डाणात पूर्ण थ्रॉटलला ५५०० च्या आसपास मिळाले की हा प्रोपेलर या विमानाला बसला असं मी धरतो. तुमच्या विमानाच्या आणि प्रोपेलरच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर पुस्तिकेचंच ऐका.

कोन बदलण्याची कृती दुपारी लिहितो. आता नातवाला शाळेत सोडायचंय.

म्हापसेकर | १५ एप्रिल, सकाळी ८:४५

शिक्षकी पेशा असल्याने गणित करून पाहिलं. २५०० फुटांवर प्रमाण तापमान साधारण १० अंश असायला हवं. एप्रिलच्या दुपारी ते ३६ धरू. म्हणजे २६ अंश जास्त. गरम हवा विरळ असते, म्हणजे विमानाला उंची वाढल्यासारखंच. दर अंशाला सुमारे १२० फूट धरले तर ३१०० फूट वाढले. तुमच्या विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी ५६०० फुटांवर होती! साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना ३ टक्क्यांच्या आसपास घटते, तेव्हा १०० पैकी ८३-८४ अश्वशक्ती उरली.

मग ४९०० हे नुसतं उन्हामुळे तर नसेल?

वास्को_जुना | १५ एप्रिल, दुपारी १:२०

मास्तर, धावपट्टी लांब लागली त्यात उन्हाचा वाटा नक्की आहे. आरपीएमचं खापर मात्र उन्हावर फोडता येणार नाही. हवा विरळ झाली की इंजिन अशक्त होतं, पण पात्यांना कापायला हवाही कमीच असते. भार आणि ताकद जवळजवळ बरोबरीने उतरतात, त्यामुळे बांधून मोजलेले आरपीएम थोडेच हलतात. तीनचारशेचा फरक उन्हाने पडत नाही.

आता कृती.

इग्निशनचे दोन्ही स्विच बंद, किल्ली ज्याच्या हातात पाना आहे त्याच्याच खिशात, बॅटरीची तार काढलेली. तरीही प्रोपेलर केव्हाही फिरू शकतो असं समजूनच उभं राहायचं. रोटॅक्सचा प्रोपेलर हाताने फिरवायचा तर चालण्याच्या दिशेनेच. उलटा फिरवला तर तेलाच्या मार्गात हवा शिरते.

पात्याचा कोन मुळाशी जास्त आणि टोकाशी कमी असतो, कारण टोक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं. म्हणून कोन कुठे मोजायचा ती जागा उत्पादक ठरवून देतो, टोकापासून इतके सेंटीमीटर अशी. तिथे प्रत्येक पात्यावर चिकटपट्टी लावून पेन्सिलीने रेघ मारा. ज्या पात्याचा कोन मोजायचा ते दर वेळी त्याच जागी आणा, उदाहरणार्थ डावीकडे आडवं, स्पिरिट लेव्हल लावून. डिजिटल कोनमापक आधी हबच्या तोंडावर धरून शून्य करा. मध्येच कोणी विमानाला टेकलं किंवा चाकातली हवा कमी झाली तर ते शून्य गेलं, पुन्हा करायचं.

बोल्ट इतकेच सैल करा की पातं रबरी हातोडीच्या हलक्या टिचकीने सरकेल. पातं बाहेरच्या बाजूला ओढून धरा, कारण उडताना अपकेंद्री जोर त्याला बाहेरच ओढणार आहे. कोन लावताना नेहमी एकाच बाजूने या, कमीकडून जास्तीकडे. जास्त गेला तर मागे येऊन पुन्हा वर चढा. मग बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने आवळा. आवळताना पातं हमखास थोडं हलतं, म्हणून आवळून झाल्यावर परत मोजायचं. नव्याने शिकणारे इथेच चुकतात, आवळायच्या आधीचा आकडा वहीत लिहितात.

तिन्ही पात्यांत ०.२ अंशापेक्षा जास्त फरक मी ठेवत नाही. कोन नेमका किती याहून तिघांचा कोन सारखा असणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

शेवटी ट्रॅकिंग. एका पात्याच्या टोकाशेजारी लाकडी ठोकळा ठेवा, बाकीची पाती एकामागून एक तिथे आणा. सगळी टोकं ठोकळ्यापासून सारख्याच अंतरावरून गेली पाहिजेत.

पारिजात | १५ एप्रिल, दुपारी २:०५

आमच्या मडगावच्या घरात छताचा पंखा डुगडुगायचा. शेजारचे काका स्टुलावर चढून पात्यांची टोकं पट्टीने मोजत बसले आणि एक पातं वाकवून पंखा शांत केला. आज कळलं, ते ट्रॅकिंग करत होते. आईला वाचून दाखवलं, ती म्हणते त्यांना विमानतळावर पाठवा, जेवणाच्या वेळी तरी घरी जातील.

सागरतीर | १५ एप्रिल, संध्याकाळी ६:५०

सारख्या कोनाबद्दल वास्को काकांनी लिहिलं त्याला माझी साक्ष. काही वर्षांमागे देशावर एका मायक्रोलाइटवर मी मदतीला होतो. एका पात्यावरची चिकटपट्टी उन्हात सरकली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. रेघ चुकीच्या जागी गेली आणि ते पातं इतरांपेक्षा जवळजवळ एक अंश जास्त लागलं. इंजिन सुरू केलं तर कंपास थरथरत होता, पायाखालच्या पत्र्यात मुंग्या आल्यासारखं वाटत होतं. आम्ही समजलो वजनाचं संतुलन गेलं, आणि अर्धा दिवस वॉशर लावत बसलो. वजनं तिन्ही सारखीच होती. एक पातं जास्त हवा ओढत होतं, त्याला वॉशर काय करणार? पट्टी परत लावून मोजलं तेव्हा सापडलं.

तेव्हापासून चिकटपट्टीच्या कडेने पात्यावरही बारीक खूण करतो.

सुरंगी | १६ एप्रिल, सकाळी १०:३०

मी मडगावची, सध्या महाराष्ट्रात वैमानिकाचं प्रशिक्षण घेतेय. आमच्या सेस्ना १७२ चा प्रोपेलर एकाच तुकड्याचा, कोन बदलतच नाही. ७६ इंच व्यास, ६० इंच पिच. म्हणजे घन पदार्थात स्क्रूसारखा घुसला तर एका फेऱ्यात ६० इंच पुढे. २७०० आरपीएमला हिशेब केला तर १३३ नॉट येतात. विमान समुद्रसपाटीला जास्तीत जास्त १२६ नॉट जातं. मधला फरक म्हणजे हवेत होणारी घसरण.

बांधून मोजायचं तिथेही आहेच. पुस्तिकेप्रमाणे पूर्ण थ्रॉटलला उभ्या विमानात २३०० ते २४०० यायला हवेत. कमी आले तर इंजिनात काहीतरी बिनसलंय असं समजायचं, कारण तिथे कोन बदलण्याचा प्रश्नच नाही.

पुढच्या टप्प्यात निळ्या दांड्याचं विमान मिळालं, त्या दांड्याने पात्यांचा कोन उडतानाच बदलतो. पहिल्याच दिवशी सरांनी रन-अपमध्ये (उड्डाणाआधीच्या इंजिन चाचणीत) दांडा मागे ओढायला सांगितला. आवाज जड झाला, आरपीएम खाली आले, क्षणभराने तेलाच्या दाबाचा काटा हलला. दांडा पुढे ढकलला तसा आवाज पुन्हा वर. सरांनी तीनदा करायला लावलं, म्हणाले हबमधलं गार तेल बाहेर येऊन गरम तेल आत जाऊ दे. मला तेव्हा प्रथमच जाणवलं की समोर फिरणारी पाती मुळाशी वळताहेत.

एक प्रश्न आहे, काका. एका इंजिनाच्या विमानात तेलाचा दाब गेला तर पाती कमी कोनाकडे जातात, पण दोन इंजिनांच्या विमानात फेदर होतात, असं शिकवलं. उलटं का?

वास्को_जुना | १६ एप्रिल, दुपारी ३:१०

छान विचारलंस, बाळ. आरपीएम ठरल्या जागी राखणाऱ्या गव्हर्नरपासून सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. गव्हर्नरच्या आत दोन छोटी वजनं इंजिनाबरोबर फिरतात, वर एक स्प्रिंग त्यांना दाबून धरते. तुझा निळा दांडा त्या स्प्रिंगचा दाब बदलतो. आरपीएम वाढले की वजनं बाहेर फाकतात, झडप उचलली जाते, तेल हबमधल्या पिस्टनकडे जातं आणि पाती जास्त कोनात वळतात. भार वाढतो, आरपीएम जागेवर येतात. कमी झाले की याच्या उलट.

एकच इंजिन असेल तर तेल गेलं तरी ते इंजिन शेवटपर्यंत ओढत राहिलं पाहिजे. म्हणून तेल कोन वाढवतं, आणि तेल नसेल तेव्हा स्प्रिंग पाती कमी कोनाला आणते. त्या कोनात चढताही येतं, फक्त थ्रॉटल आवरता घ्यायचा, नाहीतर आरपीएम हाताबाहेर जातील. दोन इंजिनं असतील तर बंद पडलेल्या बाजूचा प्रोपेलर हवेत आडव्या फळीसारखा अडतो आणि विमान त्या बाजूला खेचतो. म्हणून तिथे तेल पाती कमी कोनात धरून ठेवतं. तेल गेलं की वजनं, स्प्रिंग किंवा कोंडलेला नायट्रोजन पात्यांना कडेने वाऱ्याला लावतात. तेच फेदर.

पारिजात | १६ एप्रिल, दुपारी ४:००

यावरून आठवलं. मोपाला एटीआर विमान उभं होतं, त्याची पाती समोरून अगदी सुरीच्या धारेसारखी दिसत होती. दाबोळीला नौदलाचं डॉर्नियर लांबून पाहिलं तेव्हा पाती सपाट, रुंद दिसली. एक बंद आणि एक चालू होतं का?

वास्को_जुना | १६ एप्रिल, संध्याकाळी ५:१५

दोन्ही बंदच होती. एटीआरच्या इंजिनात प्रोपेलर फिरवणारं टर्बाइन वेगळं, मोकळं असतं. इंजिन बंद, तेलाचा दाब शून्य, पाती फेदर. सुरू करतानाही ती तशीच राहिली तरी इंजिनाला काही जड जात नाही. डॉर्नियर २२८ च्या टीपीई ३३१ इंजिनात सगळं एकाच शाफ्टवर आहे. सुरू करताना स्टार्टरला प्रोपेलरसकट सगळं फिरवावं लागतं. पाती फेदर असतील तर ती हवा ढवळतील आणि स्टार्टर दमेल. म्हणून बंद करतानाच पात्यांना सपाट कोनात कुलूप लावतात.

बोगमाळो रस्त्यावरच्या नौदल विमान संग्रहालयात जा. आलिझे या नौदलाच्या जुन्या विमानाच्या प्रोपेलरजवळ उभं राहून पात्याच्या मुळापासून टोकापर्यंत नजर फिरवा, पीळ डोळ्यांना दिसतो. सुपर कॉन्स्टेलेशनही आहे तिथे. खारी हवा त्या विमानांना फार सोसावी लागते, बघताना माझा जीव तुटतो.

जुनी_पानं | १६ एप्रिल, रात्री ९:२०

कुळागर यांची अडचण फार जुनी आहे. १९३३ साली बोईंग २४७ नवीन आलं, तेव्हा त्याला न बदलणाऱ्या पिचचे प्रोपेलर होते. अमेरिकेतल्या शाएनसारख्या सुमारे ६००० फूट उंचीच्या तळावरून उडताना त्याची दमछाक व्हायची. हॅमिल्टन स्टँडर्डच्या फ्रँक कॉल्डवेल यांनी दोन कोनांचा प्रोपेलर दिला, उड्डाणाला एक आणि क्रूझला दुसरा. त्या कामाला १९३३ ची कॉलियर ट्रॉफी, अमेरिकेतला विमानविद्येचा मानाचा पुरस्कार, मिळाली. त्याआधी १९२७ मध्ये कॅनडात वॉलेस टर्नबुल यांनी विजेच्या मोटरने कोन बदलणारा प्रोपेलर उडवून पाहिला होता. इंग्लंडात हेल-शॉ आणि बीचम यांचं तेलाच्या दाबावरचं पेटंट त्याहून आधीचं, १९२४ चं.

घाटमाथा | १७ एप्रिल, सकाळी ८:१०

५२०० ची मर्यादा मला माहीत नव्हती. मी आजवर दुसऱ्या इंजिनांवर उडलो, तिथे हा प्रश्न आला नाही. माझं मत बदललं. फक्त एक सांगतो, कोन कमी करताना दुसऱ्या टोकाला जाऊ नका. फार कमी केला तर सरळ उड्डाणात थोडं नाक खाली घातलं तरी काटा ५८०० पार करतो आणि वैमानिकाचा हात सारखा थ्रॉटलवर राहतो.

वास्को_जुना | १७ एप्रिल, सकाळी ९:००

पूर्ण सहमत. म्हणून एका वेळी अर्धा ते एक अंश. माझ्या अनुभवात या इंजिनावर एका अंशाला २०० ते २५० आरपीएम बदलतात.

सागरतीर | १७ एप्रिल, दुपारी १२:३०

लाकडी प्रोपेलरवाल्यांसाठी थोडं अवांतर. माझ्या पॅरामोटरचा प्रोपेलर लाकडी आहे. पावसाळ्यात गोव्याच्या दमट हवेत लाकूड फुगतं आणि बोल्ट आपोआप घट्ट होतात. तोच प्रोपेलर डिसेंबरात देशावर नेला तर लाकूड सुकतं आणि तेच बोल्ट सैल. एकदा हब उघडला तर लाकडावर तपकिरी, भाजल्यासारखा डाग होता. प्रोपेलर हबवर सूक्ष्म घासत राहिल्याची ती खूण. ऋतू बदलला किंवा गाव बदललं की टॉर्क तपासाच. आणि किनाऱ्यावर उडून आलात तर गोड्या पाण्याच्या फडक्याने पाती पुसा.

म्हापसेकर | १७ एप्रिल, रात्री ८:२५

पिचला मराठी शब्द काय वापरावा? स्क्रूच्या आट्यांमधलं अंतर आपण 'आटा' म्हणून सांगतोच, आणि पात्यासाठी काकांनी वापरलेला 'पीळ' मला फार आवडला. मुलांना शिकवताना हेच दोन वापरणार.

दर्याकांठ | १७ एप्रिल, रात्री ९:१०

मालिमला पिचच म्हणतात, मास्तर. पण पीळ म्हटलात तरी सगळ्यांना कळेल.

सुरंगी | १८ एप्रिल, सकाळी ७:४०

दांड्यांच्या विषयावर मनातलं लिहिते. १५ जानेवारी २०२३ ला नेपाळमधल्या पोखऱ्याजवळ एटीआर ७२ पडलं, ७२ माणसं गेली. चौकशीत निघालं की फ्लॅपच्या दांड्याऐवजी कंडिशनचे (प्रोपेलर आणि इंधनावर ताबा ठेवणारे) दोन्ही दांडे ओढले गेले, दोन्ही प्रोपेलर फेदर झाले आणि ओढ संपली. इंजिनं चालूच होती. वर्गात हे वाचल्यापासून मी कुठलाही दांडा हलवायच्या आधी त्यावर हात ठेवून नाव मोठ्याने उच्चारते. सर ऐकून काही बोलत नाहीत, पण आता बाकीचेही तसं करायला लागलेत.

कुळागर | ६ मे, रात्री १०:०५

मंडळी, काम झालं. इंजिनिअर काका आले, दोन दिवस राहिले.

वास्को काकांनी लिहिलं तसं आधी टॅकोमीटर लावला. आमचा काटा ४० आरपीएम कमी दाखवत होता. मग कार्ब्युरेटर. डाव्या बाजूचा लीव्हर टेकूपासून दोन मिलिमीटर अलीकडेच थांबत होता! केबल नीट केल्यावर खरे आरपीएम ५०२०. म्हणजे तक्रारीतला एक भाग पिचचा नव्हताच.

मग कोन मोजले. तीन पाती, तीन आकडे: १७.१, १७.४ आणि १७.० अंश. मागच्या वेळी आवळल्यानंतर कोणी मोजलंच नव्हतं हे उघड होतं. काकांनी तिन्ही १६.२ ला आणली. पहिल्या पात्याला पाऊण तास लागला, तिसऱ्याला दहा मिनिटं. मी पातं बाहेर ओढून धरलं होतं आणि ते रबरी हातोडीने इतक्या हळू टिचकी मारत होते की कोनमापकाचा शेवटचा आकडा एकेकाने बदलताना दिसत होता. आवळल्यावर दोन पाती ०.१ ने हलली, ती परत केली.

बांधून मोजलं, ५२४०. दुसऱ्या दिवशी सकाळी काका आणि मी उडालो. सरळ उड्डाणात पूर्ण थ्रॉटलला ५५३०. कंप इतका कमी झाला की सीटच्या मागे ठेवलेली पाण्याची बाटली वाजायची बंद झाली. दुपारी ऊन चढल्यावर, मुद्दाम त्या रविवारसारखंच वजन ठेवून पुन्हा उडालो. पांढऱ्या दगडाच्या अलीकडे चाकं सुटली. क्रूझला ताशी पाच-सहा किलोमीटर कमी झालेत, दुसऱ्या मित्राने ते मान्य केलं, कारण चिंचेच्या बाजूला तोच बसला होता.

वास्को_जुना | ७ मे, सकाळी ६:५०

फार समाधान वाटलं. चिकटपट्ट्या काढून टाकल्या ना? आणि पहिल्या तासाभराच्या उड्डाणानंतर बोल्टांचा टॉर्क परत तपासायला काकांना सांगा.

कुळागर | ७ मे, दुपारी १:१५

तपासला, काका. सहापैकी एक बोल्ट किंचित फिरला, बाकीचे जागेवर. कोनांचे आकडे, टॉर्क, तापमान सगळं लॉगबुकात नोंदवलंय आणि त्याची प्रत हँगरच्या भिंतीवर लावलीय.

दर्याकांठ | ७ मे, रात्री ९:३०

देव बरें करूं सगळ्यांचं. १ जूनला मासेमारी बंद झाली की ट्रॉलर वर ओढणार आहे. या खेपेला पंख्याच्या चारही पात्यांचं पिच एकेक करून मोजून घेतो. आजवर मेस्त्रीने सांगितलेला एकच आकडा धरून चाललो होतो, चारही पाती सारखी आहेत का ते कोणी पाहिलंच नाही. वास्को काका, जूनमध्ये जेटीवर याल का? कोनमापक तुमचा, माशांचं जेवण आमच्याकडे.

वास्को_जुना | ८ मे, सकाळी ७:०५

येतो. नातवालाही आणतो. बंदीच्या काळात मासे कुठून आणणार ते मात्र सांगा.

दर्याकांठ | ८ मे, सकाळी ७:२०

खारे बांगडे आहेत घरात, काळजी नको.